रत्तीभर जागा

उर्दूत ‘रत्ती’ म्हणजे गुंज. सोनाराच्या तराजूत लाल-काळी गुंज टाकून सोने तोलले जाई, तेव्हापासून ‘रत्तीभर’ हा शब्द बोलण्यात रुळला. २० फेब्रुवारी १९०० रोजी मुंबईत मलबार हिलवरच्या पेटिट हॉलमध्ये एक मुलगी जन्मली. नाव रतनबाई, घरातले लाडाचे नाव रत्ती. इंग्रजी अक्षरांवरून कुणी तिला ‘रुटी’ करतो, कुणी ‘रट्टी’. उर्दूत सरळ रत्तीच लिहितात. मीही तेच लिहिते.

मुंबईच्या उच्चभ्रू वर्तुळात तिला ‘मुंबईचे फूल’ म्हणत. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यात तिच्या तलम साड्या आहेत, केसांत माळलेली ताजी फुले आहेत, हिरे आहेत, पाळलेली कुत्री आहेत आणि अर्थातच तिचे लग्न आहे. १८ वर्षांची पारशी बॅरोनेटची मुलगी आणि तिच्याहून २४ वर्षांनी मोठे बॅरिस्टर मोहम्मद अली जिना! एवढ्या मसाल्यावर अख्खे पुस्तक निघते आणि निघालीही आहेत. पण १९१८ ते १९२० या तीन वर्षांत ही मुलगी मुंबईच्या राजकारणात उभी होती, बोलत होती, पैसे देत होती, साहेबाला तोंडावर उत्तर देत होती. या गोष्टीला त्या पुस्तकांत जागा मिळते ती रत्तीभर. पार्टीत उठून दिसणारी बाई राजकारणात आली तर ती नवऱ्याच्या मागून आली असणार, हे आपण धरूनच चालतो.

आपल्या अंकात जिनांचे नाव आले की वाचक आधी जरा सावरून बसतो, हे मला ठाऊक आहे. या नावाचा हिशेब आपल्याकडून इतक्या वेळा मागितला गेला आहे की आपण ते नाव उच्चारायचेच टाळतो. वर्गात आठवी-नववीच्या मुलींना इतिहास शिकवताना माझाही आवाज तिथे खाली येतो. तेव्हा एवढेच सांगते की या लेखात फाळणी नाही. फाळणी झाली तेव्हा रत्तीला माझगावच्या कब्रस्तानात जाऊन १८ वर्षे झाली होती. या लेखातले जिना आहेत ते १९१६ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांची बाजू मांडून त्यांना राजद्रोहाच्या आरोपातून सोडवणारे, त्याच वर्षी लखनौला काँग्रेस आणि लीगचा करार घडवण्यात पुढे असलेले. रत्तीने ज्यांच्याशी लग्न केले ते हे जिना.

आधी माहेर. पेटिट हे आडनाव पारशी वाटत नाही, आणि ते नाहीच. या घराण्यातला एक पूर्वज मुंबई बंदरात फ्रेंच जहाजांचे काम बघत असे. अंगाने तो लहानखुरा, म्हणून फ्रेंच खलाशी त्याला ‘पती’, म्हणजे छोटा, म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले अशी हकिगत सांगतात. रत्तीचे पणजोबा सर दिनशा माणेकजी पेटिट हे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या उभारणीतले मोठे नाव. १८९० साली त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. परळचे जनावरांचे इस्पितळ त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने आहे. मुलगा फ्रामजी आधीच वारल्यामुळे १९०१ मध्ये पदवी नातवाकडे आली. हे दुसरे सर दिनशा म्हणजे रत्तीचे वडील, आणि आई लेडी दिनबाई. रत्तीचा भाऊ फली पुढे तिसरा बॅरोनेट झाला. त्याची बायको सिला टाटा ही जे. आर. डी. टाटांची बहीण. म्हणजे गिरण्या, बंदर, पोलाद असे मुंबईच्या पैशाचे जे जे खांब होते, त्यांतल्या बहुतेकांशी या मुलीचे नाते जन्माने किंवा सोयरिकीने जुळत होते.

टाटांचे नाव आले आहे तर एक खटला सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्याच्या उजेडात वेगळे दिसते. जे. आर. डी. यांचे वडील रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर नावाच्या फ्रेंच मुलीशी लग्न केले. सुझानने नवजोत करून जरथुश्ती धर्म घेतला, नाव सुनी झाले. मग प्रश्न आला की परजातीतून आलेल्या या बाईला पारशी अग्यारीत, पारशी दखम्यात, पारशी धर्मादायात हक्क आहे की नाही. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. पंचायतीच्या विश्वस्तांची नेमणूक बरोबर की चूक हाही वाद त्यात होता. न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांनी १९०८ साली निकाल दिला. पारशी बापाची मुले पारशी, पण बाहेरून धर्म घेऊन आलेल्याला या धर्मादायांत वाटा नाही, असा त्याचा सारांश. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘पेटिट विरुद्ध जिजीभॉय’ या नावाने आहे. फिर्यादींत पहिले नाव सर दिनशा पेटिट यांचे, आणि रतनजी टाटाही फिर्यादीच. रत्ती तेव्हा आठ वर्षांची होती.

म्हणजे बाहेरच्या सुनेसाठी बिरादरीच्या पंचांविरुद्ध कोर्टात उभे राहिलेले हे गृहस्थ. दहा वर्षांनी प्रश्न सुनेचा राहिला नाही, मुलीचा झाला.

१९१६ च्या उन्हाळ्यात पेटिट कुटुंब दार्जिलिंगला होते आणि जिना त्यांचे पाहुणे. पुढची हकिगत बॅ. छागलांनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. छागला जिनांच्या हाताखाली वकिली शिकलेले. जिनांनी एक दिवस सर दिनशांना विचारले की वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी आपसांत लग्ने करावीत याविषयी आपले मत काय? सर दिनशा म्हणाले, उत्तम, त्याने देशात एकी होईल. मग जिना म्हणाले की मला तुमच्या मुलीशी लग्न करायचे आहे. सर दिनशांचा तोल सुटला. मुलगी १६ वर्षांची होती, ही गोष्ट बापाच्या बाजूने नोंदवायलाच हवी; आज आपल्यापैकी कोणताही बाप तेच करील. त्यांनी कोर्टातून हुकूम आणला, मुलगी अज्ञान असेपर्यंत जिनांनी तिला भेटायचे नाही. दोघांनी तो पाळला. २० फेब्रुवारी १९१८ ला रत्ती १८ वर्षांची झाली.

आता लग्न करायचे कसे? माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकदा हाच प्रश्न विचारला होता, “टीचर, तिनेच का नाव बदललं?” त्याचे उत्तर मनाच्या कायद्यात शोधण्याआधी सरकारच्या कायद्यात शोधावे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा तर दोघांनीही लिहून द्यावे लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, ख्रिस्ती नाही. म्हणजे धर्म सोडल्याचे जाहीर करा आणि मग लग्न करा. भूपेंद्रनाथ बसूंनी हा कायदा सैल करणारे विधेयक आणले, तेव्हा १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात जिनांनी त्याला पाठिंबा दिला होता, तोही मुंबई इलाख्यातल्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून निवडून आलेले असताना. विधेयक पडले. १९२३ साली थोडी सवलत आली ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती. मुसलमान आणि पारशी यांनी आपापला धर्म ठेवून लग्न करण्याची सोय १९५४ च्या कायद्याने झाली. जिनांनी १९१८ साली नोंदणी विवाह केला असता तर ‘मी मुसलमान नाही’ असे लिहून द्यावे लागले असते आणि मुसलमानांची राखीव जागा हातची गेली असती. दोघांपैकी एकाला काहीतरी सोडणे भाग होते. सोडले तिने.

१८ एप्रिल १९१८ रोजी मुंबईच्या जामा मशिदीत मौलाना नझीर अहमद खुजंदी यांच्यासमोर तिने कलमा पढला. नाव मरियम. दुसऱ्या दिवशी जिनांच्या माउंट प्लेझंट रोडवरच्या साउथ कोर्ट बंगल्यात निकाह झाला. मेहर १,००१ रुपये, शिवाय सव्वा लाख रुपये वधूला भेट. निकाहाला महमूदाबादचे राजे हजर होते. पेटिट हॉलमधून कुणी नव्हते. सर दिनशांना बातमी कळली ती वर्तमानपत्रातून. मुलीसाठी ते दार पुढे अनेक वर्षे बंद राहिले, आणि पारशी समाजाने तिचे नाव टाकले. मरियम हे नाव निकाहनाम्यावर राहिले. पत्रांखाली ती रत्तीच राहिली. आपल्याकडे काहींना याचा राग येतो, हे मी ऐकले आहे. मला तो कळत नाही. कलमा पढताना आईबापाने ठेवलेले नाव पुसावेच लागते असे आपल्या दीनने कुठे सांगितले आहे?

आता राजकारण. तेव्हाच्या मुंबईचे राजकारण म्हणजे होमरूल. ॲनी बेझंट यांना १९१७ मध्ये स्थानबद्ध केल्यावर जिना मुंबईच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. गिरगावात शांताराम चाळीत सभा भरत. एका बाजूला टिळकांची माणसे, दुसऱ्या बाजूला गुजराती-भाटिया तरुण, पारशी, खोजे, आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा इंग्रज संपादक हॉर्निमन. असा मेळ मुंबईत पुन्हा क्वचितच जमला असेल. समोर होते गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन.

रत्तीची विलिंग्डनशी पहिली गाठ जेवणाच्या टेबलावर पडली. लग्नानंतर नवराबायको गव्हर्नमेंट हाउसला जेवायला गेले. रत्तीचा पोशाख पाश्चात्त्य धाटणीचा, गळा खोल. लेडी विलिंग्डनने नोकराला सांगितले की मिसेस जिनांना गारठा वाजत असेल, त्यांच्यासाठी शाल आणा. जिना उठले, म्हणाले की मिसेस जिनांना थंडी वाजली तर त्या स्वतः शाल मागतील, आणि बायकोला घेऊन निघून गेले. हेक्टर बोलिथोने १९५४ च्या जिना-चरित्रात ही गोष्ट दिली आहे. हिच्यावरून काहीजण विलिंग्डनविरोधाचे कारणच मुळी ती शाल होती असे सुचवतात. हे मला पटत नाही. १० जून १९१८ ला मुंबईत युद्धपरिषद भरली. विलिंग्डनने होमरूलवाल्यांच्या निष्ठेवर जाहीरपणे शंका घेतली. टिळक बोलायला उभे राहिले, त्यांना मध्येच थांबवले गेले, आणि टिळक सभा सोडून गेले. जिना त्या सभेत होते आणि त्यांनीही गव्हर्नरला तिथेच सुनावले. टिळकांचा अपमान गिरगावाने गिळला नव्हता. शालीची गोष्ट चवीची म्हणून टिकली, एवढेच.

डिसेंबरात विलिंग्डनची मुदत संपत आली. शहरातल्या बड्या मंडळींनी त्याचे स्मारक उभारण्यासाठी ११ डिसेंबर १९१८ ला टाउन हॉलमध्ये नागरिकांची जाहीर सभा बोलावली. टाउन हॉल म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे ती रुंद पायऱ्यांची इमारत. होमरूलवाल्यांचे म्हणणे साधे होते. नागरिकांच्या नावाने सभा आहे ना, मग नागरिक येणार. ते सकाळपासूनच पायऱ्यांवर रांग लावून बसले. दारे उघडताच खुर्च्या भरल्या. संध्याकाळी सभा सुरू झाली ती गदारोळातच. अध्यक्ष सर जमशेटजी जिजीभॉय. पेटिटांनी दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने खटला लढवला त्याच घराण्यातले. ठराव कुणाला ऐकूच आला नाही. पोलिस कमिशनरने हॉल रिकामा करायचा हुकूम दिला, धक्काबुक्की झाली, तीत जिनांनाही मार बसला. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना अपोलो स्ट्रीटवर घेरले आणि त्यांचे भाषण झाले. मुंबईचे लोक नोकरशाहीपुढे झुकले नाहीत, असा त्याचा आशय.

रत्ती त्या दिवशी तिथे होती. टाउन हॉलबाहेरच्या जमावापुढे ती बोलली, अशी नोंद तिच्या चरित्रकारांनी केली आहे. हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणा. आत व्यासपीठावर तिच्या माहेरच्या वर्तुळातले बडे लोक, सर आणि लेडी, ज्यांच्या मांडीवर ती लहानपणी खेळली असेल. बाहेर गिरणगावचे, गिरगावचे, भेंडीबाजारचे लोक. आणि त्या लोकांच्या बाजूला सर दिनशांची मुलगी. आठ महिन्यांपूर्वी तिने धर्म बदलला होता, वर्ग मात्र ती त्या दिवशी सोडत होती. लोकांनी मग एकेक रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावाने हॉल बांधला, ‘पीपल्स जिना हॉल’. गिरगावात काँग्रेस हाउसच्या आवारातला तो हॉल पुढे ‘पी. जे. हॉल’ झाला. त्यातल्या ‘जे’चा अर्थ विचारायची वेळ लोकांवर येऊ नये याची काळजी इतिहासाने घेतली.

त्या काळात बायका राजकारणात नव्हत्याच असे कुणी समजू नये. सरोजिनी नायडू होत्या. रत्तीशी त्यांचा जिव्हाळा होता आणि त्यांच्या मुली पद्मजा व लीलामणी या तर तिच्या मैत्रिणी. बी अम्मा बुरख्यात सभेला येत. आपल्या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या बायका कधीच पडद्याबाहेर आल्या होत्या. अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला लंडनला गेली आणि तिथून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ला लिहीत राहिली. १९१९ साली हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या बायकांच्या मताधिकारासाठी लंडनला साक्ष द्यायला गेल्या. पण यांतल्या बहुतेकींच्या पाठीशी कुणीतरी होते, घर, बिरादरी किंवा संस्था. रत्तीच्या पाठीशी एक माणूस होता आणि तोही कामात.

त्याच १९१९ साली रौलट कायद्याच्या निषेधार्थ जिनांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झाले, हॉर्निमनला हद्दपार केले गेले. जिना नव्या सुधारणांबाबत साक्ष देण्यासाठी लंडनला गेले, रत्ती बरोबर. १४-१५ ऑगस्टच्या रात्री लंडनमध्येच मुलगी झाली. पुढे कित्येक वर्षे त्या मुलीचे नावच ठेवले गेले नाही, आणि शेवटी आजी दिनबाईच्या नावावरून ती दिना झाली, असे चरित्रांत येते. रत्ती आई म्हणून कमी पडली, हे झाकायचे कारण नाही. मूल आयांच्या हाती वाढले. सरोजिनीबाईंच्या घरच्या पत्रव्यवहारात याची हळहळ आहे.

१९२० च्या सुरुवातीला गांधीजींनी जालियनवाला बागेच्या स्मारकासाठी निधी सुरू केला. फेब्रुवारीच्या ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले की मिसेस जिनांनी आपला वाटा देताना म्हटले ते खरे आहे, हे स्मारक निदान आपल्याला जगायला एक निमित्त तरी देईल. २० वर्षांच्या मुलीचे हे वाक्य. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा थांबले. यात देशभक्तीचा नगारा नाही. अमृतसरनंतर आपण जिवंत आहोत याचीच लाज वाटते आहे असे काहीतरी त्यात आहे, आणि गांधींसारख्या माणसाला ते उचलून छापावेसे वाटले. रत्तीच्या राजकारणाचा याहून पक्का पुरावा मला तरी नको. ३० एप्रिल १९२० ला गांधीजींनी तिला पत्र लिहिले. त्यात जिनांना हिंदुस्थानी किंवा गुजराती शिकायला लाडीगोडीने तयार करा, तुम्हीच त्यांच्याशी त्या भाषेत बोलायला लागा, असा आग्रह आहे. पत्र गोड आहे. पण नीट पाहिले तर तिच्या वाट्याला काम कोणते आले? नवऱ्याला वळवण्याचे. पैसे देताना ती स्वतः बोलली होती; उत्तर मात्र बायकोला आले.

व्हाइसरॉयांच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. लॉर्ड चेम्सफर्डपुढे तिने गुडघा वाकवायच्या ऐवजी हात जोडले. त्याने रोममध्ये रोमनांसारखे वागावे असे सुनावले, तर तिने उलट सांगितले की मी तेच केले, हिंदुस्थानात हिंदुस्थानी रीतीने नमस्कार केला. लॉर्ड रीडिंग म्हणाला, मला जर्मनीला जायचे आहे पण युद्धानंतर जर्मन आम्हांला पसंत करत नाहीत, जाणार कसा. तिने विचारले, मग तुम्ही हिंदुस्थानात कसे आलात? आणि लेडी जिना व्हायला आवडेल का असे विचारल्यावर, नवऱ्याने ‘सर’की घेतली तर मी वेगळी होईन असे ती म्हणाली. या गोष्टी सांगोवांगीने गुळगुळीत झाल्या आहेत. तरी शेवटच्या गोष्टीत एक गोम आहे. तिची आई लेडी होती, पणजीही लेडी होती. पदवी म्हणजे काय आणि ती कशाच्या बदल्यात मिळते हे या मुलीला घरबसल्या कळलेले होते.

मग १९२० चे शेवटचे महिने आले. गांधीजी होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, घटना बदलली, आणि ऑक्टोबरमध्ये जिनांनी लीग सोडली. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसमध्ये असहकाराला विरोध करायला ते उभे राहिले, ‘महात्मा’ न म्हणता ‘मिस्टर गांधी’ म्हणाले, आणि हजारो लोकांनी त्यांना ओरडून खाली बसवले. ते नागपूरहून परतले ते काँग्रेस सोडूनच. इथे सगळे चरित्रकार जिनांबरोबर पुढे जातात. मला वाटते, नागपुरात रत्तीचे जास्त गेले. जिनांना हायकोर्ट होते, पुढे मध्यवर्ती असेंब्ली होती, समित्या होत्या. हिचे राजकारण होते ते टाउन हॉलच्या पायऱ्यांवरचे, मुंबईतल्या त्या सरमिसळ गर्दीतले. ती गर्दी आता गांधींची झाली होती. त्या गर्दीत बायकांना जागा होती, पूर्वीपेक्षा पुष्कळ होती, पण खादी नेसणाऱ्या बायकांना. आणि लीगच्या सभांत?

तिथली गोष्ट छागलांनीच सांगितली आहे. ग्लोब सिनेमात लीगची बैठक, हॉल दाढीवाल्या मौलवी-मौलानांनी भरलेला, आणि रत्ती आपल्या नेहमीच्या पोशाखात येऊन व्यासपीठावर बसली. ही बाई कोण अशी कुजबुज झाली. छागलांची दुसरी गोष्ट तर फारच प्रसिद्ध आहे. निवडणुकीच्या दिवशी टाउन हॉलमध्ये ती जिनांसाठी मोटारीतून जेवणाचा डबा घेऊन आली, आणि डब्यात हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे सँडविच. मुसलमान मतदारांना हे कळले तर मला एक मत पडेल का, असे म्हणून जिनांनी तिला परत पाठवले, ती खट्टू होऊन निघून गेली. छागलांवर अविश्वास दाखवायचा नाही, ते सभ्य गृहस्थ होते. पण पाहा, तोच टाउन हॉल. १९१८ साली तिथे ती काय बोलली ते कुणाला पाठ नाही; डब्यात काय होते ते सर्वांना पाठ आहे. हिंदू वाचक ती गोष्ट जिनांच्या दुटप्पीपणासाठी सांगतो, मुसलमान वाचक रत्तीच्या बेफिकिरीसाठी सांगतो. दोघांनाही ती सोयीची.

पुढची वर्षे एकाकी आहेत. जिना असेंब्लीसाठी दिल्ली-सिमल्याला, ती मुंबईत. १९२६ मध्ये हिंदी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त जिना युरोप-अमेरिकेला गेले तेव्हा ती बरोबर होती. थिऑसॉफीकडे, परलोकविद्येकडे तिचे मन वळले. प्रकृती ढासळत गेली. कानजी द्वारकादास हा होमरूलच्या दिवसांपासूनचा मित्र तेवढा येत-जात राहिला. त्यानेच १९६३ साली तिच्यावर छोटेसे पुस्तक लिहिले. सायमन कमिशनवर बहिष्काराची तयारी जोरात असताना, १९२८ च्या जानेवारीत, ती साउथ कोर्ट सोडून ताजमहाल हॉटेलात राहायला गेली. २० फेब्रुवारी १९२९ ला, २९ व्या वाढदिवशी ती गेली. जिना दिल्लीत होते. २२ तारखेला माझगावच्या आरामबाग इथल्या खोजा शिया इस्ना अशरी कब्रस्तानात दफन झाले. माती द्यायची वेळ आली तेव्हा जिना सर्वांसमोर रडले. त्यांना तसे आपण पुन्हा कधी पाहिले नाही, असे छागला लिहितात. मार्च महिन्यात जिनांचे १४ मुद्दे जाहीर झाले, आणि त्यानंतरची कहाणी निराळी.

राहिली दिना. तिने १९३८ साली नेव्हिल वाडियांशी लग्न केले. पुन्हा कापडगिरणीचे घराणे, जन्माने पारशी वंशातले आणि धर्माने ख्रिस्ती. हिंदुस्थानात लाखो मुसलमान मुले असताना हाच का, असे जिनांनी विचारले. लाखो मुसलमान मुली असताना तुम्ही माझ्या आईशी का लग्न केले, असे मुलीने उलट विचारले. ती मुसलमान झाली होती, हे जिनांचे उत्तर. हेही छागलांकडूनच. सर दिनशा तोवर वारले होते. असते तर त्यांना दार्जिलिंग आठवले असते. दिना पाकिस्तानात राहायला गेली नाही. १९४८ मध्ये वडिलांच्या दफनाला गेली, नंतर थेट २००४ मध्ये.

२००७ साली तिने मलबार हिलच्या जिना हाउसवर वारसाहक्क सांगत मुंबई हायकोर्टात अर्ज केला. त्यातला एक मुद्दा असा की जिना खोजा होते, आणि खोजांना वारशाच्या बाबतीत रूढीने हिंदू कायदा लागू होतो, म्हणून एकुलती मुलगी वारस. पारशी आईची, वाडियांच्या घरातली मुलगी, खोजा बापाच्या घरासाठी हिंदू कायद्याचा आधार घेते! न्यूयॉर्कला २ नोव्हेंबर २०१७ रोजी दिना वारली आणि अर्ज पुढे चालवण्याची परवानगी तिच्या मुलाला, नुस्ली वाडियांना, मिळाली.

ज्या घराचा हा तंटा, ते क्लॉड बॅटली या वास्तुशिल्पकाराने १९३६ साली बांधले. त्यासाठी जिनांनी त्या जागेवरचा जुना बंगला पाडून टाकला होता. १९ एप्रिल १९१८ चा निकाह झाला तो त्या जुन्या बंगल्यात.